लिनक्स अपडेट केलं आणि वाय-फाय गायब? कार्ड जळालं असं समजू नका, आधी हे तपासा

नाशिक : रात्री लॅपटॉपवर अपडेटचा मेसेज आला, 'हो' म्हटलं आणि झोपलो. सकाळी लॅपटॉप सुरू केला तर वरच्या पट्टीतलं वाय-फायचं चिन्हच नाही. सेटिंगमध्ये गेलं तर 'वाय-फाय अ‍ॅडॉप्टर सापडला नाही'. मोबाईलवर हॉटस्पॉट सुरू आहे, शेजारच्याच्या फोनला तो दिसतोय, पण लॅपटॉपला पत्ताच नाही. त्यात परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख असेल तर विचारूच नका.

अशा वेळी बहुतेक जण दोन गोष्टी करतात. दुकानात नेऊन नवीन कार्ड टाकतात, नाहीतर सगळा लॅपटॉप फॉरमॅट करून घेतात. पहिल्यात पैसे जातात. दुसऱ्यात फोटो, प्रोजेक्ट, हिशेबाच्या फाइल सगळंच जातं. आणि बऱ्याचदा दोन्हीची गरजच नसते. काल रात्रीपर्यंत चालणारं कार्ड नेमकं अपडेटच्या वेळीच जळेल, असं क्वचितच होतं. कार्ड जागेवरच असतं, त्याला चालवणारा ड्रायव्हर मागे राहिलेला असतो. सुरगाणा, पेठ किंवा बागलाणच्या टोकाच्या गावातून नाशिकला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. तो मोडण्याआधी अर्धा तास घरीच द्या.

आत्ताच हा प्रश्न का वाढला?

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नाही. मग कॉलेजची मुलं, क्लासवाले, शाळेतले शिक्षक यांनी त्याच मशीनवर उबंटू किंवा लिनक्स मिंट टाकलं. फुकट आहे, हलकं आहे, जुनं मशीनही पळतं. अडचण येते ती नंतर, अपडेट किंवा अपग्रेडच्या वेळी.

नेमकं होतं काय?

आपल्याकडच्या द्राक्षबागेचं उदाहरण घ्या. फवारणीचा ब्लोअर चांगला आहे. तुम्ही ट्रॅक्टर बदलला. आता जुना शाफ्ट नव्या ट्रॅक्टरला बसत नाही. ब्लोअर फिरत नाही म्हणून तुम्ही ब्लोअर भंगारात देणार का? नाही. शाफ्ट बदलणार.

लिनक्समध्ये ट्रॅक्टर म्हणजे कर्नल, ब्लोअर म्हणजे वाय-फाय कार्ड आणि शाफ्ट म्हणजे ड्रायव्हर. अपडेटमध्ये कर्नल नवा येतो. ड्रायव्हर त्याच कर्नलसाठी बनलेला नसला तर तो जोडला जात नाही. आणि ड्रायव्हर नसला की सेटिंगमध्ये कार्ड 'नाहीच' असं दिसतं. म्हणजे 'कार्ड सापडलं नाही' याचा अर्थ 'कार्ड मेलं' असा होत नाही.

सुरुवात : पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा

नुसतं रीस्टार्ट नको. लॅपटॉप शटडाऊन करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग जोडून सुरू करा. काही वेळा कार्ड अर्धवट झोपेत अडकलेलं असतं, ते एवढ्यानेच जागं होतं.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते सुरू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि कार्ड त्याच्याच ताब्यात राहिल्यासारखं होतं.

जुन्या कर्नलमधून सुरू करून बघा

हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात उपयोगी उपाय आहे. उबंटू आणि मिंट नवा कर्नल टाकताना आधीचा लगेच पुसत नाहीत.

लॅपटॉप सुरू होताना कंपनीचं नाव दिसलं की एस्केप बटण दाबा. जुन्या मशीनवर शिफ्ट दाबून धरावं लागतं. काळ्या पडद्यावर यादी येईल. तिथे 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडा. कर्नलचे दोन-तीन आकडे दिसतील. सगळ्यात वरचा नवा, त्याखालचा जुना. जुना निवडा, पण 'रिकव्हरी मोड' लिहिलेला नको.

वाय-फाय आलं? मग निदान झालंच. कार्ड ठणठणीत आहे, बिघाड नव्या कर्नलच्या ड्रायव्हरमध्ये आहे. आधी फॉर्म भरून घ्या, दुरुस्ती सावकाश करा.

मोबाईलची केबल लावा, इंटरनेट येईल

ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट पाहिजे आणि इंटरनेटला ड्रायव्हर पाहिजे, अशी गत होते. इथे खिशातला मोबाईल कामाला येतो. फोन डेटा केबलने लॅपटॉपला जोडा. फोनच्या सेटिंगमध्ये 'हॉटस्पॉट आणि टेदरिंग' मध्ये जाऊन 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. लॅपटॉपला फोन वायरच्या नेटवर्कसारखा दिसतो, वाय-फाय कार्डाची गरजच पडत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. केबल नुसती चार्जिंगची नको, फाइल जाणारी हवी. आणि केबल जोडल्याशिवाय यूएसबी टेदरिंगचं बटण दाबता येत नाही. नव्या कर्नलमध्ये टेदरिंगही चाललं नाही तर वर सांगितल्याप्रमाणे जुन्या कर्नलमधून सुरू करून केबल लावा.

आता चार प्रश्न, क्रमाने

कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबलं की टर्मिनल उघडतं. खाली आज्ञा मराठी अक्षरांत दिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान टाका. 'सुडो' म्हणजे एस-यू-डी-ओ. सुडो लावलं की पासवर्ड विचारेल. पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, घाबरू नका, टाकून एंटर दाबा. प्रत्येक उत्तराचा मोबाईलने फोटो काढून ठेवा.

प्रश्न १ : मशीनला कार्ड दिसतंय का?

आतल्या कार्डासाठी टाइप करा : एलएसपीसीआय. यूएसबीला लावलेल्या वाय-फाय डोंगलसाठी : एलएसयूएसबी. दोन्ही एकाच सलग शब्दात, मध्ये जागा नको.

लांब यादी येईल. त्यात 'नेटवर्क कंट्रोलर' किंवा 'इथरनेट कंट्रोलर' अशी ओळ शोधा. पुढे रिअलटेक, ब्रॉडकॉम, इंटेल, क्वालकॉम असं नाव आणि मॉडेलचा आकडा असेल. तो लिहून घ्या, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

ओळ दिसली म्हणजे कार्ड जिवंत आहे. जुन्या कर्नलमध्येही ओळ नसेल तर मात्र हार्डवेअरची शंका घ्यायची. बायोसमध्ये वायरलेस बंद तर झालेलं नाही ना, कार्ड खाचेत सैल तर नाही ना, हे बघावं लागेल. दुकानात जायची वेळ ही.

डोंगलबाबत एक गंमत. काही डोंगल लावल्यावर आधी सीडीसारखे दिसतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्याच आत ठेवलेला असतो. फाइल मॅनेजरमध्ये अशी सीडी दिसली तर ती 'इजेक्ट' करा, मग खरं कार्ड पुढे येतं.

प्रश्न २ : ड्रायव्हर जोडला गेलाय का?

टाइप करा : एलएसपीसीआय -के. कार्डाच्या ओळीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ हवी. ती नसेल तर चोर सापडला. कार्ड आहे, ड्रायव्हर नाही. उपाय पुढे दिले आहेत.

प्रश्न ३ : कोणी ब्लॉक केलंय का?

टाइप करा : आरएफकिल लिस्ट. पहिल्या शब्दाची अक्षरं आर-एफ-के-आय-एल-एल. दोन ओळी बघा. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे 'येस' असेल तर सुडो आरएफकिल अनब्लॉक ऑल टाका. 'हार्ड ब्लॉक्ड' पुढे 'येस' असेल तर आज्ञेने काही होणार नाही. लॅपटॉपच्या बाजूला वाय-फायचं छोटं बटण असतं किंवा कीबोर्डवर एफएनसोबत दाबायची कळ असते, ती दाबा.

प्रश्न ४ : सिस्टीम कार्ड वापरतेय का?

टाइप करा : एनएमसीएलआय डिव्हाइस. कार्डापुढे 'डिसकनेक्टेड' असेल तर सगळं ठीक आहे, नेटवर्क निवडून पासवर्ड टाका. 'अनमॅनेज्ड' असेल तर नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रोग्रामने त्या कार्डाकडे पाठ फिरवली आहे. तात्पुरतं चालू करायला : सुडो एनएमसीएलआय डिव्हाइस सेट, मग कार्डाचं नाव, मग मॅनेज्ड येस. डेबियनवर असं झालं तर 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'नेटवर्क' मध्ये 'इंटरफेसेस' नावाची फाइल बघा. तिथे त्या कार्डाचं नाव लिहिलेलं असेल तर नेटवर्क मॅनेजर त्याला हात लावत नाही.

शाळेच्या लॅबमध्ये वायरने जोडलेल्या संगणकांचा आणखी एक घोळ होतो. लिनक्समध्ये वायरच्या कार्डाला पूर्वी 'ईटीएच०' असं नाव असायचं. आता कार्ड कोणत्या खाचेत आहे त्यावरून 'ईएनपी३एस०' यासारखं नाव मिळतं. अपग्रेडनंतर नाव बदललं आणि आयपी पत्ता जुन्या नावावर लिहून ठेवलेला असेल तर नेट बंद पडतं. सेटिंगमध्ये नवं नाव टाकलं की काम झालं.

ड्रायव्हर नाही, तर कारण कोणतं?

१) मध्येच लाइट गेली. आपल्याकडे हे कारण सगळ्यात आधी तपासा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी संपलेली, तो थेट चार्जरवर चालतो. अपडेट सुरू असताना वीज गेली की कर्नल अर्धा बसतो, ड्रायव्हर राहतो. उपाय : सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए. कॉन्फिगरच्या आधी दोन डॅश, 'ए' च्या आधी एक. हे संपलं की सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल. पहिल्या आज्ञेला इंटरनेट लागत नाही, कारण पॅकेज आधीच उतरलेली असतात. मग रीस्टार्ट करा.

२) ड्रायव्हरचं पाकीटच आलं नाही. उबंटू २२.०४ आणि २४.०४ मध्ये कर्नलचे बरेच ड्रायव्हर 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' नावाच्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. कर्नल आला आणि हे राहिलं तर वाय-फाय जातंच, काही मशीनवर आवाजही जातो. नव्या कर्नलमध्ये असताना यूनेम -आर टाका. पहिल्या शब्दाची अक्षरं यू-एन-ए-एम-ई. कर्नलचा पूर्ण आकडा मिळेल, तो लिहून घ्या. मग सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा- आणि त्याला चिकटून तोच आकडा. एक अक्षरही इकडेतिकडे नको.

३) ब्रॉडकॉमचं कार्ड. जुन्या लॅपटॉपमध्ये बीसीएम ४३१४२ सारखी कार्डं बरीच दिसतात. यांचा ड्रायव्हर कंपनीचा स्वतःचा आहे, कर्नलसोबत येत नाही. प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो मशीनवर नव्याने बनवावा लागतो. बनताना अडला की वाय-फाय गेलं. मोबाईलची केबल लावा. उबंटूत 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स', मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. ब्रॉडकॉमचं नाव दिसेल, ते निवडून लागू करा आणि रीस्टार्ट करा.

४) हाताने टाकलेला ड्रायव्हर. रिअलटेकच्या काही कार्डांना सुरुवातीला बाहेरून ड्रायव्हर उतरवून टाकावा लागायचा. तो जुन्या कर्नलपुरताच होता. नव्यात पुन्हा टाकावा लागतो, किंवा त्याची गरजच उरलेली नसते. उदाहरणार्थ, रिअलटेक ८८२१सीई या कार्डाचा ड्रायव्हर कर्नल ५.९ पासून आतच आहे. तिथे जुना बाहेरचा ड्रायव्हर काढून टाकणं हाच उपाय ठरू शकतो. दोन ड्रायव्हर एकाच कार्डावर भांडले तर दोघांपैकी एकही चालत नाही.

५) सिक्युअर बूट. बाहेरचा ड्रायव्हर टाकताना सिस्टीम एक पासवर्ड ठरवायला सांगते. पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो, तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत 'कंटिन्यू' दाबलं की ड्रायव्हरला परवानगी मिळत नाही आणि तो बाहेरच राहतो. ड्रायव्हर पुन्हा टाका आणि या वेळी निळ्या पडद्यावर थांबा. बायोसमधून सिक्युअर बूट बंद करण्याचाही मार्ग आहे, पण त्याच लॅपटॉपवर विंडोज असेल आणि त्याला बिटलॉकरचं कुलूप असेल तर विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ती हाताशी नसेल तर बायोसला हात लावू नका.

६) फर्मवेअर नाही. ड्रायव्हर आहे, पण कार्डाच्या आत चढवायची फाइल नाही. डेबियन वापरणाऱ्यांना हे जास्त जाणवतं. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये अशा फाइल 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या नव्या विभागात गेल्या. डेबियन ११ वरून अपग्रेड करताना सोर्सेसच्या यादीत हे नाव घातलं नाही तर फर्मवेअर जुनंच राहतं. सी-डॅकची बॉस लिनक्सही डेबियनवरच बेतलेली आहे. तपासायला सुडो डीमेसेज टाका, अक्षरं डी-एम-ई-एस-जी. मग उत्तरात 'फर्मवेअर' शब्द शोधा. त्याच ओळीत 'फेल्ड' दिसलं तर हेच कारण.

काहीच जमलं नाही तर?

लिनक्स मिंटमध्ये 'टाइमशिफ्ट' हा प्रोग्राम आधीपासून असतो. अपडेटच्या आधीचा स्नॅपशॉट घेतलेला असेल तर त्यावरून सिस्टीम मागे नेता येते, तुमच्या घरच्या फाइलना सहसा धक्का लागत नाही. स्नॅपशॉट नसेल तर जुन्या कर्नलवर किंवा मोबाईलच्या केबलवर काही दिवस काम चालवा. पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्ती येण्याची शक्यता असते.

तरीही दुकानात जायचंच असेल तर काढलेले फोटो दाखवा आणि तीन वाक्यं बोला. 'जुन्या कर्नलमध्ये चालतंय.' 'यादीत कार्ड दिसतंय, ड्रायव्हर दिसत नाही.' 'फॉरमॅट करायचं नाही.' एवढं स्पष्ट सांगितलं की समोरचाही नेमकं काम करतो आणि बिलही नेमकंच होतं. अगदीच घाई असेल तर लिनक्सवर आपोआप चालणारा यूएसबी डोंगल काही शे रुपयांत मिळतो, पण घेण्याआधी दुकानातच लावून बघा.

पुढच्या वेळी अपडेट करण्याआधी

- फॉर्म, परीक्षा, ऑनलाइन मुलाखत यांच्या आदल्या दिवशी अपडेट नको.
- बॅटरी पूर्ण भरलेली हवी. बॅटरी गेलेली असेल तर इन्व्हर्टर असलेल्या ठिकाणी करा.
- महत्त्वाच्या फाइल पेनड्राइव्हवर घ्या. मिंट असेल तर टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट घ्या.
- कार्डाचं नाव आणि कर्नलचा आकडा वहीत लिहून ठेवा.
- डेटा केबल हाताशी ठेवा, एकदा टेदरिंग चालवून बघा.
- मोठ्या अपग्रेडची घाई करू नका. उबंटू २२.०४ ला एप्रिल २०२७ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत, २४.०४ ला २०२९ पर्यंत. नेहमीची छोटी सुरक्षा अपडेट मात्र टाळू नका.

लिनक्स मुळापासून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे धडे मराठीतूनही आहेत, तेही मोफत. मोबाईलवर बघता येतात.

हा लेख मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. ज्या दिवशी लॅपटॉपचं नेट जाईल, त्या दिवशी तो फोनवरूनच वाचावा लागणार आहे. आणि गावात कोणी 'कार्ड गेलं, फॉरमॅट मारावा लागेल' असं म्हणत असेल, तर त्यालाही पाठवा.